आठ मैलांची वेस

६ डिसेंबर २०२४ रोजी चैत्यभूमीवर बाबासाहेबांना अभिवादन करून आम्ही घरी परतलो, तर आमच्या जुन्या चाळीतल्या आक्कांचा मुलगा दाराशी उभा. दहा वर्षांपूर्वी अमेरिकेला गेला, मोटार कंपनीच्या संगणकाच्या कामावर आहे. मिशिगन राज्यातल्या डेट्रॉईट शहराजवळ ट्रॉय नावाचे उपनगर आहे, तिथे त्याने घर घेतले. बापाने गोदीत हमाली केली, आई चार घरची धुणीभांडी करायची. अशा घरातला पोरगा तिथवर पोहोचला, याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे.

चहा पिताना मी सहज विचारले, "काय रे, तिकडची निवडणूक कशी झाली?"

तो म्हणाला, "काका, निवडणुकीच्या महिन्यात टीव्ही लावायची सोय नव्हती. जाहिरातीमागून जाहिरात. पोस्टाच्या पेटीत रोज रंगीत पत्रके. आणि सगळ्यांचा सूर एकच, तुमचे घर धोक्यात आहे."

"कोणापासून धोका?"

यावर तो जरा थांबला. मग म्हणाला, "नाव कोणी घेत नाही. पण सगळ्यांना कळते. डेट्रॉईटपासून."

ट्रॉय आणि डेट्रॉईट यांच्यामध्ये काही मैलांचेच अंतर. तरी दहा वर्षांत हा मुलगा डेट्रॉईट शहरात मोजून पाच-सहा वेळा गेला. पहिल्याच आठवड्यात ऑफिसातल्या एका भारतीय माणसाने त्याला सांगून ठेवले होते की एट माईल रोडच्या खाली जायचे नाही. त्याने का म्हणून विचारलेही नाही. मला आमची जुनी वस्ती आठवली. रात्री स्टेशनवरून रिक्षावाला वस्तीचे नाव ऐकले की मान हलवायचा. त्यालाही कोणी का म्हणून विचारत नसे.

तो परत गेल्यावर मी या शहराविषयी मिळेल ते वाचून काढले. मी पडलो बी.कॉम.वाला कारकून. जन्म जमाखर्च लिहिण्यात गेला. त्यामुळे डेट्रॉईटची गोष्ट मला खतावणीसारखी दिसू लागली. त्या जाहिराती खतावणीचे एकच पान दाखवतात, एवढाच त्यांचा धंदा आहे.

एट माईल रोड हा डेट्रॉईटच्या उत्तर हद्दीवरचा हमरस्ता. खालच्या बाजूला डेट्रॉईट, जिथे तीन चतुर्थांशाहून जास्त लोक कृष्णवर्णीय आहेत. वरच्या बाजूला ओकलंड आणि मॅकोम्ब हे परगणे. त्यातला ओकलंड वर्षानुवर्षे देशातल्या श्रीमंत परगण्यांत मोजला गेला. आपल्याकडे गावकुसाबाहेर कोण राहतो हे वाचकांना सांगायला नको. तिथे उलटे झाले. पैसेवाले गावाबाहेर गेले आणि वेस बाहेरून बांधून घेतली.

ही वेस काही नुसती बोलण्यातली नाही. एट माईलजवळच्या एका वस्तीत कृष्णवर्णीय कुटुंबे आधीपासून राहत होती. तिच्या शेजारी एका बिल्डरला गोऱ्यांसाठी घरे बांधायची होती. घरकर्जाला हमी देणारे केंद्र सरकारचे खाते म्हणाले, शेजारी काळ्यांची वस्ती, हमी मिळणार नाही. १९४१ साली बिल्डरने दोन वस्त्यांच्या मधोमध सहा फूट उंच, फूटभर जाड, अर्धा मैल लांब अशी काँक्रीटची भिंत घातली. कर्जाचा प्रश्न सुटला! भिंत आजही उभी आहे. सहा फुटांची भिंत चोर अडवत नाही की दंगल अडवत नाही. ती बँकेच्या कागदासाठी बांधली होती. सरकारी कागदावर कोणती वस्ती 'जोखमीची' हे रंगवून ठेवले होते आणि काळ्यांच्या वस्तीचा रंग लाल होता. लाल रंग म्हणजे कर्ज नाही. कर्ज नाही म्हणजे दुरुस्ती नाही, आणि दुरुस्ती नाही म्हणजे वीस वर्षांनी घर पडके. मग त्या पडक्या घराचा फोटो काढायचा आणि म्हणायचे, बघा, हे लोक कसे राहतात!

त्या काळी जाहिरात करणाऱ्यांना लाजही नव्हती. १९४२ च्या फेब्रुवारीत डेट्रॉईटमध्येच सोजर्नर ट्रूथ या नावाची सरकारी घरे कृष्णवर्णीय कामगारांना द्यायचे ठरले. ज्यांच्या नावाने घरे बांधली त्या सोजर्नर ट्रूथ स्वतः गुलामीतून सुटलेल्या, गुलामीविरुद्ध लढलेल्या माता. घरांसमोर भला मोठा फलक लागला: 'आम्हाला आमच्या गोऱ्या वस्तीत गोरे भाडेकरू हवेत.' फलकाच्या डोक्यावर दोन राष्ट्रध्वज लावले होते. देश तेव्हा हिटलरशी लढत होता. कुटुंबे राहायला आली त्या दिवशी मारामारी झाली. शेवटी एप्रिलमध्ये सैनिकांच्या पहाऱ्यात ती घरात शिरली.

शेजारी डिअरबॉर्न नावाचे शहर. फोर्डचा अवाढव्य कारखाना तिथलाच. त्यात हजारो कृष्णवर्णीय कामगार राबत, विशेषतः भट्टीच्या, ओतकामाच्या खात्यात. पण संध्याकाळी भोंगा झाला की त्यांनी डिअरबॉर्नबाहेर पडायचे. तिथे राहायची मुभा नव्हती. ऑर्व्हिल हबर्ड हा गृहस्थ १९४२ ते १९७८, म्हणजे छत्तीस वर्षे तिथला महापौर. १९४८ मध्ये एका विमा कंपनीच्या भाड्याच्या घरांच्या योजनेवर लोकांचा कौल घ्यायचा होता. तेव्हा मतदारांच्या हाती कार्डे पडली, की निग्रोंना डिअरबॉर्नबाहेर ठेवा, 'नाही' म्हणून मत द्या. योजना नुसती घरांची होती. कार्डात घरभाड्याचा हिशेब नव्हता, रंगाचा होता. पुढे १९८५ मध्ये याच शहराच्या मतदारांनी आपल्या बहुतेक बागा बाहेरच्यांना बंद केल्या. कोर्टाने तो नियम रद्द केला. (त्याच डिअरबॉर्नमध्ये आज अरब वंशाचे लोक बहुसंख्य आहेत आणि २०२१ मध्ये त्यांच्यातलाच एक तरुण महापौर म्हणून निवडून आला. हबर्डला हे कुणी सांगितले असते तर?)

पण सगळ्यांवर ताण केली ती ग्रोस पॉइंट या तळ्याकाठच्या धनिक उपनगरांनी. तिथे घर घ्यायला येणाऱ्याला दलाल मंडळी गुप्तपणे गुण देत. १९६० मध्ये हे उघडकीला आले. कातडी किती काळसर, बोलण्यात हेल किती, राहणी 'अमेरिकन' आहे का, मित्र कोण, असे प्रश्न. उत्तीर्ण व्हायला साधारण पन्नास गुण. पोलंडकडच्या माणसाला थोडे जास्त लागत, इटली-ग्रीसकडच्याला त्याहून जास्त, ज्यूंना सर्वांत जास्त. आणि कृष्णवर्णीय व आशियाई माणसाला परीक्षेलाच बसू देत नसत. म्हणजे आपले कितीही शिकलेले, कितीही गोरेगोमटे पोर गेले असते तरी त्याचा कागद भरलाच गेला नसता. वाचकहो, पायरीखाली पायरी, आणि शेवटच्या पायरीवरच्याला दारच नाही. बाबासाहेबांनी चढत्या क्रमाचा आदर आणि उतरत्या क्रमाची तुच्छता म्हणून जी सांगितली ती हीच रचना. फक्त तिथे भटजीच्या जागी घरांचा दलाल होता.

आता खतावणीकडे येतो.

१९५० साली डेट्रॉईटची लोकसंख्या साडेअठरा लाख होती. २०२० च्या जनगणनेत ती ६ लाख ३९ हजार भरली. सत्तर वर्षांत बारा लाख माणसे घटली. पण शहराचे क्षेत्रफळ तेवढेच, १३९ चौरस मैल. साडेअठरा लाखांसाठी घातलेले पाण्याचे नळ, गटारे, रस्त्यांचे दिवे, आगीचे बंब, आणि त्या सगळ्यासाठी ठेवलेल्या कामगारांची पेन्शन. हा खर्च माणूस गेला म्हणून जात नाही. आम्ही कॉमर्समध्ये याला स्थिर खर्च म्हणतो. कर भरणारे गेले, स्थिर खर्च मागे राहिला. गेलेली मंडळी कशावर गेली? सरकारी हमीच्या कर्जावर आणि सरकारी पैशाने बांधलेल्या हमरस्त्यांवरून. त्यातला एक हमरस्ता तर कृष्णवर्णीयांच्या हेस्टिंग्ज स्ट्रीटवरूनच नेला. दुकाने, खानावळी, गाण्याच्या जागा, सगळ्यांवर बुलडोझर फिरला. पाठोपाठ बाजारही निघाला. १९५४ मध्ये साउथफील्ड उपनगरात नॉर्थलँड नावाचे प्रचंड बाजारसंकुल उघडले ते शहरातल्या हडसन या मोठ्या दुकानाच्या मालकांनीच. शहरातले मूळ दुकान १९८३ मध्ये बंद पडले. कारखान्यांनीही बाहेर स्वस्त, ऐसपैस जागा धरल्या. एका पानावर जे जमा झाले ते दुसऱ्या पानावरून खर्ची पडलेले होते.

शाळांचे प्रकरण तर मुद्दाम सांगावे असे आहे. १९७२ मध्ये न्यायाधीश स्टीफन रॉथ यांनी आदेश दिला की डेट्रॉईटच्या शाळांतला भेद शहराच्या हद्दीत मिटणार नाही, भोवतालच्या ५३ उपनगरी शाळाखात्यांना यात घ्या, मुले बसने इकडून तिकडे जाऊ द्या. उपनगरे पेटली. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७१ मध्ये, ओकलंड परगण्यातल्या पाँटियाक गावात याच वादातून शाळेच्या दहा बसगाड्या स्फोटाने उडवल्या होत्या. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी रॉथ यांचा आदेश फिरवला. उपनगरांनी स्वतः काही गुन्हा केल्याचे सिद्ध झाले नाही, मग त्यांना का ओढता, असा निकालाचा आशय. थर्गुड मार्शल हे त्या न्यायालयातले पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. त्यांनी विरोधी निकालपत्रात बजावले की महानगराची एक गोरी आणि एक काळी अशी दोन शहरे होऊ देणे आज सोपे वाटेल, पण लोकांना पुढे त्याचा पश्चात्ताप होईल. त्या निकालानंतर मुलाच्या शाळेसाठी घर बदलायचे तर कोणत्या दिशेला जायचे, हे प्रत्येक गोऱ्या कुटुंबाला कळून चुकले.

आणि इथून जाहिरातीची भाषा बदलली. 'निग्रो' शब्द कार्डावरून गेला. त्याच्या जागी शहराचे नाव आले.

१९७४ च्या जानेवारीत कोलमन यंग डेट्रॉईटचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. पहिल्याच भाषणात त्यांनी गुंडांना, गर्दुल्ल्यांच्या व्यापाऱ्यांना दम भरला की शहर सोडा, एट माईल रोड पकडा. आपल्याकडे एखादा फौजदार गुंडाला 'तालुका सोडायचा' म्हणतो तसेच. पण उपनगरी पुढाऱ्यांनी याचा अर्थ केला की हा माणूस आपले चोर आपल्या अंगावर सोडतो आहे. हे एक वाक्य पुढे वीस वर्षे वाजवले गेले. मॅकोम्ब परगणा मोटार कामगारांचा, युनियनवाल्यांचा. १९६० मध्ये त्याने केनेडींना ६३ टक्के मते दिली होती. १९८४ मध्ये त्यानेच रेगनना ६६ टक्के दिली. असे का झाले म्हणून स्टॅनली ग्रीनबर्ग या अभ्यासकाने १९८५ मध्ये तिथल्या लोकांना बसवून बोलते केले. नोकरी गेली तरी दोष डेट्रॉईटच्या काळ्यांचा, कर वाढला तरी त्यांचाच, घराची किंमत उतरली तरी त्यांचाच. कारखाना मालकाने हलवला होता, पण मालकाचे नाव कोणाच्या तोंडी आले नाही. कामगाराला कामगाराविरुद्ध उभे करायला याहून स्वस्त साधन दुसरे कोणते?

डेट्रॉईटच्या पुढाऱ्यांचे काहीच चुकले नाही असे मी म्हणणार नाही. क्वामे किलपॅट्रिक हे महापौर लाचखोरीत सापडले आणि २०१३ मध्ये त्यांना २८ वर्षांची शिक्षा झाली. गरीब शहराला लुबाडणारा आपल्या रंगाचा असला म्हणून त्याचे पाप कमी होत नाही. पण २००८ च्या निवडणुकीत काय झाले बघा. एका गटाने मॅकोम्ब परगण्यात टीव्हीवर जाहिरात दिली. तिच्यात किलपॅट्रिक यांचा चेहरा आणि त्यांची स्तुती करणारे ओबामा. ओबामा शिकागोचे, त्यांचा डेट्रॉईटच्या तिजोरीशी काय संबंध? संबंध रंगाचा होता, आणि तो बोलून दाखवायची गरज नव्हती. पुढे २०२१ मध्ये याच किलपॅट्रिक यांची उरलेली शिक्षा माफ केली ती डोनाल्ड ट्रम्प यांनी. याचा फलक काही कुठे लागला नाही!

ओकलंड परगण्याचे कारभारी ब्रूक्स पॅटरसन १९९३ पासून २०१९ मध्ये मरेपर्यंत खुर्चीवर होते. वकील म्हणून त्यांचे नाव झाले ते पाँटियाकमध्ये बसविरोधी आंदोलकांची बाजू घेऊन. डेट्रॉईटला नावे ठेवणे हे त्यांचे आयुष्यभराचे राजकारण. २०१४ च्या जानेवारीत 'न्यू यॉर्कर' साप्ताहिकाशी बोलताना त्यांनी आपलीच एक जुनी मुक्ताफळे पुन्हा ऐकवली. डेट्रॉईटला आदिवासींच्या राखीव वस्तीसारखे कुंपण घालावे आणि आत घोंगड्या नि मका फेकावा. एका वाक्यात दोन समाजांचा अपमान. हे बोलले तेव्हा शहर दिवाळखोरीत होते. १८ जुलै २०१३ ला डेट्रॉईटने सुमारे १८ अब्ज डॉलरच्या देण्यांसह दिवाळखोरी मागितली. अमेरिकेतल्या शहरांत एवढी मोठी दिवाळखोरी कधी झाली नव्हती. तोड निघाली तेव्हा पालिकेच्या सामान्य पेन्शनरांची पेन्शन साडेचार टक्के कापली गेली आणि महागाईची वाढ बंद झाली. जन्मभर झाडू मारलेला, फायली लिहिलेला माणूस. मी स्वतः पगारपत्रकावर पेन्शनची कपात बघतो, म्हणून हा आकडा माझ्या मनातून जात नाही.

पाणीही आलेच. महाडच्या तळ्याचे वारस आपण, आपल्याला पाण्याची गोष्ट लगेच कळते. भोवतालची उपनगरे उभी राहिली ती डेट्रॉईटच्या जलखात्याने पोहोचवलेल्या पाण्यावर. आणि २०१४ मध्ये त्याच डेट्रॉईट शहरात बिल थकले म्हणून हजारो घरांचे नळ तोडले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी यावर आक्षेप घेतला.

बसचे तसेच. १९९५ पासून उपनगरांना प्रादेशिक बससेवेतून अंग काढून घ्यायची मुभा होती. ज्या गावाने अंग काढले तिथे बस थांबत नाही. डेट्रॉईटचा माणूस उपनगरातल्या कारखान्यात कामाला जाणार कसा? एक मजूर बस नाही म्हणून रोज कित्येक मैल पायी जातो, अशी बातमी २०१५ मध्ये जगभर छापून आली. लोकांनी हळहळून त्याला मोटार घेऊन दिली. बस मात्र दिली नाही. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये चार परगण्यांसाठी बस-रेल्वेचा कर मतदानाला आला आणि थोडक्यात पडला. मॅकोम्बने त्याला सर्वांत मोठा नकार दिला. आपले पैसे डेट्रॉईटला जातील, हीच भीती. पण २०२२ मध्ये ओकलंडच्या मतदारांनी परगणाभर बसचा कर मंजूर केला आणि अंग काढायची पद्धत तिथे बंद झाली. म्हणजे जाहिरात प्रत्येक वेळी जिंकतेच असे नाही. साउथफील्डसारख्या उपनगरात आता कृष्णवर्णीय बहुसंख्य आहेत आणि ट्रॉयमध्ये आपली पोरे आहेत.

तरी प्रयोग चालूच असतात. २०२० च्या जुलैत ट्रम्प सरकारने वस्त्यांमधला भेद मोडायचा घरांचा एक नियम रद्द केला. ट्रम्प यांनी उपनगरवासीयांना जाहीर आश्वासन दिले की तुमच्या शेजारी आता गरिबांची घरे येणार नाहीत. १० ऑक्टोबर २०२४ ला तर ते डेट्रॉईटमध्येच येऊन म्हणाले की कमला हॅरिस निवडून आल्या तर सगळा देश डेट्रॉईटसारखा होईल. पाहुणा म्हणून घरात यायचे, आणि त्याच घराला नाव ठेवायचे. हॅरिस यांच्या प्रचारकांनी डेट्रॉईटच्या बाजूने उलट जाहिरात काढली. त्याच वर्षी मे महिन्यात जनगणना खात्याने सांगितले होते की १९५७ नंतर पहिल्यांदा डेट्रॉईटची लोकसंख्या थोडी वाढली आहे. पण ही बातमी किती पेट्यांत पडली असेल? मतदानात मॅकोम्ब ट्रम्प यांच्याकडे गेला, ओकलंड हॅरिस यांच्याकडे, आणि राज्य ट्रम्प यांनी जिंकले.

कुणी म्हणेल, अमेरिकेच्या भानगडीशी आपला काय संबंध? १९४६ मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे विद्वान नेते ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते. निग्रो समाजाने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी दलित पँथर हे नाव घेतले ते तिथल्याच ब्लॅक पँथरवरून. आणि एक ताळा करून बघा. जातीच्या करारावर, म्हणजे 'काळ्याला घर विकणार नाही' अशा खरेदीखतातल्या अटीवर कोर्ट अंमल करणार नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये सांगितले. त्या खटल्यांत डेट्रॉईटच्या एका कुटुंबाचाही खटला होता. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या एका सहकारी गृहसोसायटीच्या बाबतीत सांगितले की एकाच समाजाचे सभासद घ्यायचा पोटनियम चालेल. सोसायटीच्या दारावरून 'तुमचे आडनाव काय?' ऐकून परतलेल्या आपल्या माणसांना या दोन निकालांतले अंतर कळेल.

त्या मुलाला मी हे सगळे फोनवर सांगितले. त्याला मत नाही, तो अजून नागरिक झालेला नाही. पण त्याची मुलगी तिथे जन्मली, ती मतदार होईल. ती पत्रके तिच्याही हातात पडतात. एकदा तिने त्याला विचारले होते, "बाबा, डेट्रॉईटचे लोक वाईट असतात का?" आणि तो गप्प बसला होता. "काका, मला उत्तर येत होते," तो म्हणाला, "पण मी स्वतः इतकी वर्षे एट माईलच्या खाली जात नव्हतो."

पुढच्या रविवारी तो तिला घेऊन ती १९४१ ची भिंत बघायला गेला. त्याने मला फोटो पाठवले. भिंतीच्या एका भागावर वस्तीतल्या लोकांनी रंगीत चित्रे काढली आहेत. मुलगी भिंतीला पाठ लावून उभी आहे. डोके भिंतीच्या निम्म्याच्या थोडे वर येते. त्याने लिहिले होते, की ती टाचा उंचावून पलीकडे बघायचा प्रयत्न करत होती, मग मला म्हणाली उचलून घे. उचलली. पलीकडे पण घरेच होती, ती म्हणाली, आपल्या इकडच्यासारखीच.